ग्रोथ फॅक्टर : वृद्धिघटक, संजीवक की आणखी काही?

चोपड्याहून एका वाचकांनी विचारलं आहे : वडिलांना कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानाच्या आत बसवायचं विजेवरचं उपकरण) बसवायचं आहे, त्याच्या मराठी माहितीपत्रकात 'कानातल्या चेतापेशी टिकवणारे वृद्धिघटक' असं छापलंय. टिकवणारे, मग वृद्धी कशाची? आणि आपण पिकांवर फवारतो ते 'संजीवक', तो शब्द इथे चालेल का?

शंका अगदी रास्त आहे. 'वृद्धी' आली ती शोधाच्या इतिहासातून. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींजवळ उंदराच्या गाठीचा तुकडा ठेवला, तर काही तासांतच पेशींभोवती तंतूंची दाट झालर फुटली. डोळ्यांना दिसली ती वाढ, म्हणून नाव पडलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. (त्यांना आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं.) पुढे त्याच कुळातली आणखी प्रथिनं सापडली. अंतर्कर्णात त्यांतली दोन महत्त्वाची : बीडीएनएफ आणि एनटी-३.

कानात मात्र त्यांचं मोठं काम जगवण्याचं. कर्णावर्तातल्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीतल्या) केशपेशी कंपनं टिपतात आणि चेतापेशी तो संदेश मेंदूकडे नेतात. केशपेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी ही प्रथिनं स्रवतात. ती चेतापेशीवरच्या ठरावीक ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या जागांना) जाऊन चिकटली की पेशीच्या आत दडलेली मरणाची यंत्रणा थोपवली जाते. एनटी-३चं जनुक काढलेल्या उंदरांत कर्णावर्तातल्या बहुतेक चेतापेशी जन्मापर्यंतच नाहीशा होतात. बीडीएनएफ नसेल तर तोल सांभाळणाऱ्या भागातल्या जातात.

'संजीवक' मला नको वाटतो. आपल्याकडे तो कृषी केंद्रातल्या जिबरेलिक ॲसिडला पक्का चिकटलाय. शिवाय त्यात मेलेलं उठवण्याचा अर्थ आहे. गेलेली चेतापेशी या प्रथिनांनी परत येत नाही.

माझं मत 'तगवणे'ला. मे अखेरीस ठिबकवर कापूस लावला की बांधावर पहिला प्रश्न येतो, 'रोपं तगली का?' फुलं, पाती, बोंडं सगळं नंतर. फरक एवढाच, की शेतात नांग्या भरता येतात (मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावता येतं), कर्णावर्तात ती सोय नाही. सस्तन प्राण्यांत मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही, आणि ती गेली की तिच्याकडून मिळणारा आधार तुटून चेतापेशीही हळूहळू विरळ होतात. इम्प्लांट विजेचे संकेत देतं ते याच उरलेल्या चेतापेशींना, म्हणून त्या तगणं एवढं मोलाचं.

तेव्हा पाठ्यपुस्तकात 'वृद्धिघटक' खुशाल राहू द्या. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर मात्र 'चेतापेशी तगवणारी प्रथिनं' असं लिहावं. बहिऱ्या केलेल्या गिनीपिगांच्या कानात ही प्रथिनं घालून चेतापेशी तगवून दाखवल्या गेल्या आहेत, पण माणसांसाठी हा अजून नेहमीचा उपचार नाही, हेही तिथेच छापावं. नाहीतर 'वृद्धी' वाचून तुमचे वडील ऐकू येणं वाढेल अशी आशा धरून बसतील.