आईच्या साड्यांना एवढ्यात कात्री लावू नकोस

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

आई गेल्यापासून शिवणात हात चालत नाही, आणि तिच्या साड्यांतून काहीतरी मोठं काम उभं करायचं आहे, असं तू लिहिलंस. माझं मत सांगते. त्या साड्या एवढ्यात कापू नकोस. आधी घरातल्या साध्या सुती चिंध्या घे. जुना पंचा, उशीचे अभ्रे, विटलेली ओढणी. त्यातून एक लहान गोधडी शिवायला घे. कुकर होईपर्यंत जेवढे टाके पडतील तेवढे पडू देत, पण रोज पडू देत. दोरा हातभरच घे. लांब दोऱ्याचा गुंता होतो, आणि सध्या तुला गाठी सोडवत बसायला नको. टाका वाकडा गेला तर उसवू नकोस.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडे, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे तुकड्यांची गोधडी शिवतात, ती रीत तुला सुचवते. त्या काठापासून सुरुवात करतात आणि चारी बाजूंनी फिरत मध्याकडे येतात. हाताशी येईल तो तुकडा कडा दुमडून बसवायचा, धावदोरा घालत पुढे जायचं. कोपऱ्यांना तिकोनी घड्यांचे ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. या रीतीत सगळं चित्र आधी डोक्यात असावं लागत नाही. पुढचा तुकडा कोणता, एवढंच ठरवायचं असतं. दुःखात माणसाला तेवढंच ठरवता येतं गं.

अमेरिकेत अलाबामातल्या जीझ बेंड या वस्तीत मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि मायेनं पांघरता यावी म्हणून, असं त्यांच्या लेकीनं पुढे सांगितलं. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्या वस्तीतल्या अशा गोधड्यांत खिसा उसवलेल्या जागी कापडाचा मूळचा गडद रंग तसाच दिसतो. पण ती शिवली होती पांघरायला, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तुझंही काम आधी कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे. प्रदर्शनाचं मग बघू.

साड्या मात्र कपाटात तशाच कोंडून ठेवू नकोस. सावलीत वारा दे, घड्या बदलून ठेव. रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथेच चिरतं. हात तयार झाला असं वाटेल तेव्हा रोजच्या नेसणीतली सुती साडी घे, लग्नातला शालू नको. ओले हात पुसून पुसून पदर जिथे विरला असेल, तो भाग टाकून देऊ नकोस. त्याच्याखाली मऊ मलमल लाव आणि जवळजवळ धावदोरा घाल. आई त्या जागी सगळ्यांत जास्त आहे.

आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. शिवण त्याच्या जोडीला हवं, त्याच्याऐवजी नको. हे मी मनापासून सांगते आहे, ऐक.

पहिली गोधडी झाली की उलट बाजूचा फोटो पाठव. टाके मला तिकडूनच कळतात.

तुझी,
मावशी