घाटात कॅराव्हॅन झुलते, स्टॅबिलायझर हिच लावू का?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर आणि दीर दोघांनी मिळून सेकंड हँड कॅराव्हॅन घेतलीये, एका अ‍ॅक्सलची, भरून साधारण 1000 किलो. कसारा घाट उतरताना बाजूनं कंटेनर गेला की मागची व्हॅन डावी-उजवी झुलते, पोटात गोळाच येतो. विकणारा म्हणतो स्टॅबिलायझर हिच (व्हॅन गाडीला जोडणारी, झुलणं रोखणारी कडी) टाका, सगळं थांबेल. टाकू का? कुठला? मेकॅनिकनं टो-बॉलला (गाडीमागचा गोळा, ज्यावर व्हॅन अडकते) मस्त ग्रीस लावून दिलंय, ते तसंच ठेवायचं ना?

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो. साध्या कपलिंगला (बॉलवर बसणारं व्हॅनचं तोंड) ग्रीस बरोबर आहे, पण स्टॅबिलायझर हिच आला की ते ग्रीस पूर्ण काढायचं. या हिचच्या आत ब्रेक लायनिंगसारखे पॅड असतात, हँडल दाबलं की ते बॉलला घट्ट आवळतात आणि त्या घर्षणामुळेच व्हॅनला सहज झुलता येत नाही. आता ब्रेक शूला ग्रीस कोणी लावतं का? नव्या बॉलवरचा काळा रंगसुद्धा पॉलिश पेपरनं घासून काढा, थिनरनं पुसा, लखलखीत धातू दिसला पाहिजे. पॅडमधे ग्रीस मुरलं असेल तर सरळ नवे टाका. नंतर वळणावर कुरकुर ऐकू येईल, बहुतेक वेळा बॉलवर राहिलेला रंग नाहीतर घाण असते, पुन्हा साफ करा, पण तेल सोडू नका (आपल्याकडे आवाज आला की तेल, ही सवय काही जात नाही).

पण हिच घ्यायच्या आधी बाथरूमचा वजनकाटा घ्या, खरंच सांगतोय. नेहमीसारखी व्हॅन भरा, सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, आणि हिच गाडीला असतो त्याच उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर टेकवा. व्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के यायला हवं, म्हणजे तुमच्याकडे 50 ते 70 किलो, आणि गाडीच्या मॅन्युअलमधे किंवा टो-बारवर (बॉल बसवलेला गाडीमागचा दांडा) जी कमी मर्यादा लिहिलीये तिच्या आत. काटा 30 दाखवत असेल तर दुखणं तिथेच आहे. डोंबिवलीच्या मावशीला द्यायची कांद्याची गोणी अगदी मागच्या बाजूला टाकली असणार, मी पण हेच केलंय आणि घाटात घाबरून ब्रेक मारला, तेव्हा व्हॅन जास्तच नाचली. जड सामान व्हॅनच्या तळाशी, बरोबर अ‍ॅक्सलवर येईल असं ठेवा. टायरची हवा बघा. झुललीच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, तिच्यामागे फिरवत बसू नका, आणि घाट मुळातच खालच्या गिअरमधे उतरा. मागे चुकीचं भरलेलं असताना स्टॅबिलायझर लावला तर झोल (म्हणजे हे झुलणं) फक्त झाकला जातो, जरा स्पीड वाढला की परत येतो.

हे सगळं जमलं की मग हिच जरूर घ्या. एक प्रकार बाजूला लांब पोलादी पट्टी लावायचा असतो, जुनं कपलिंग तसंच राहतं पण दरवेळी लावा-काढा. दुसरा बॉललाच आवळणारा, माझं मत याला. मात्र बॉल व्हर्निअरनं मोजा. हे युरोपियन हिच 50 मिमी बॉलसाठी असतात, दोन इंची म्हणजे 50.8, तो चालत नाही, आणि झिजून 49 च्या खाली गेला असेल तर बदला. बॉलची मानही लांब लागते, मध्यापासून साधारण 60 मिमी मोकळी जागा, नाहीतर वळताना हिचचं तोंड टो-बारवर आदळतं. ड्रॉबारच्या (व्हॅनच्या पुढचा दांडा) पाइपचा व्यास वेगळा असेल तर कंपनीची स्लीव्ह (मधे बसणारी नळी) टाका, नट नवे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले), आवळायचे टॉर्क रेंचनं, आकडा हिचच्या कागदावर असतो. अंबड एमआयडीसीत कोणी ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणाला तर हात जोडून निघा. आणि व्हॅन गाडीपासून सुटलीच तर तिचा ब्रेक लावणारी ती बारीक केबल, ती विसरू नका.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक कंट्रोल घेतला तर हा हिच लागत नाही ना? (सातपूर)

उत्तर : दोन्ही ठेवता येतात. इलेक्ट्रॉनिक यंत्र झोल सुरू झाल्यावर व्हॅनचे ब्रेक लावतं, त्यामुळे व्हॅनला स्वतःचे ब्रेक आणि 12 व्होल्ट सप्लाय पाहिजे. हिच लहान झोल आधीच दाबतो. पैसे एकालाच असतील तर आधी हिच.