ब्रेकचा आवाज, कुंभार्लीचा घाट आणि शाळेतला व्हर्निअर

प्रश्न : काका, नमस्कार. माझी 2017 ची वॅगनआर 58 हजार किलोमीटर चालली आहे. आई कराडला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढणं-उतरणं ठरलेलं. पंधरा दिवसांपासून पुढच्या डाव्या चाकातून चीं चीं आवाज येतोय. ब्रेक दाबला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये दाखवायला नेली तर पॅड आणि डिस्क दोन्ही बदला म्हणाले. पॅड मी घरी बदलू शकेन का? शाळेत विज्ञान शिकवतो, पाना धरायची भीती नाही. बायको मात्र म्हणते, ब्रेकशी खेळ नको.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, वहिनींना सांगा, हे लिहिणारा माणूस तेहतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात ब्रेक उघडत होता आणि भीती त्यालाही वाटते. तिथे सगळा हवेचा ब्रेक आणि ड्रम. डिस्क-पॅडचं काम मी निवृत्तीनंतर, शेजाऱ्यांच्या गाड्यांवर हात काळे करत शिकलो. तुम्हालाही जमेल.

तुमचा आवाज बहुतेक पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेचा आहे. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ओरडायलाच तिला बसवलेली असते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन ब्रेकला येणारी खरखर वेगळी. ती डिस्कवर रात्रीत चढलेल्या गंजाची, लगेच जाते. आणि ‘खर्रर्र’ असा लोखंडावर लोखंडाचा आवाज असेल, तर गाडी हलवू नका, माणूस घरी बोलवा.

डिस्क बदलायची का, हे अंदाजाने ठरवू नका. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. तुमच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर असेलच, एक दिवस उसना आणा. पण एक फसगत आहे. डिस्क मधे झिजते आणि काठावर उंच कड राहते. व्हर्निअर त्या काठावर बसला तर माप जास्त दाखवतो. म्हणून झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. चार ठिकाणी मोजा. आकडा कोरलेल्या मापापेक्षा बऱ्यापैकी वर असेल, खोल चरे किंवा तडे नसतील आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल, तर डिस्क राहू द्या. मापाखाली असेल तर गॅरेजवाल्यांचं खरं. मुकाट्याने बदला, दोन्ही बाजूंच्या.

आता पॅड. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करा. जॅकवर गाडी ठेवून काम करायचं नाही. खाली घोडी (जॅक स्टँड) लावा. चिऱ्याचा किंवा विटेचा ठोकळा म्हणजे घोडी नव्हे, तो भाराखाली फुटतो.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, मागून दोन बोल्टवर असतो. खालचा काढला की बहुतेक छोट्या गाड्यांत तो वर उलटतो. पुरा सुटा केलात तर रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. काळी धूळ फुंकायची नाही; ओल्या फडक्याने पुसा. मग दोन्ही जुने पॅड हातात घेऊन शेजारी शेजारी धरा. माझ्या मते सगळ्या कामात बघण्यासारखी गोष्ट ही एवढीच. बाहेरचा पाच मिलिमीटर आणि आतला दीड, असं निघालं तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. चिपळूणच्या हवेत हे हटकून होतं. पिना ओढून काढा, पॉलिश पेपरने हलका गंज घालवा, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा (साध्या ग्रीसने रबर फुगतं), रबरी बूट फाटले असतील तर बदला. पिन बोटाने सहज सरकली पाहिजे. हे न करता घातलेले नवे पॅडही तसेच कमी-जास्त झिजतील.

नवे पॅड जाड असतात, ते बसायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पिस्टन आत गेला की ऑइल वर येतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उठतो. जुना पॅड पिस्टनवर टेकवून सी-क्लँपने हळूहळू दाबा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठली क्लिप कुठे होती ते दुसऱ्या चाकावर बघता येतं. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलायचे. मागे ड्रम आहेत. तिकडे या खेपेला जाऊ नका.

चाकं बसवली, नट आवळले. आता किल्लीला हात लावायच्या आधी पेडल दाबत राहा, पाय घट्ट थांबेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल सरळ खाली जातं. मी हे एकदा विसरलो. आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी सुटली ती तुळशी वृंदावनावर. त्याचा कोपरा अजून उडालेलाच आहे, सौभाग्यवती मुद्दाम दुरुस्त करू देत नाहीत.

पेडल दाबूनही मऊच राहिलं, किंवा ऑइल कुठे पाझरलं, तर ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा (एअर) काढायला मेकॅनिक घरी बोलवा. सगळं ठीक असेल तर मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत वेग हळू उतरवत आठ-दहा ब्रेक मारा, मधे गार होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, म्हणजे त्या पंधरवड्यात कुंभार्लीही नको. आईंना फोनवर समजावा. पुढे घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. 58 हजारात पॅड किती वेळा बदललेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाय सतत ब्रेकवर ठेवत असाल असा मला संशय आहे.

आतला आणि बाहेरचा पॅड किती मिलिमीटर निघाला, ते कळवा.