लॉगिन बनवून राहिला ना, मग आधी एवढं कर

भाऊ, पहिल्या प्रोजेक्टलाच रिडक्स (वेब ॲपचा डेटा एका जागी, म्हणजे स्टोअरमध्ये, ठेवायची लायब्ररी) घेतलंस, चांगलं केलंस, घाबरू नको. सगळे अडकतात ते रिफ्रेशला. पेज रिफ्रेश केलं की स्टोअर रिकामं होते, ॲपला वाटते युजर लॉगिनच नाही आणि त्याला सरळ लॉगिन पेजवर फेकते, सेशन चालू असलं तरी. म्हणून स्टेटमध्ये (स्टोअरमधल्या सध्याच्या डेटात) लॉगिन आहे का याला हो-नाही असे दोनच पर्याय ठेवू नको, तिसरा ठेव, 'तपासतोय'. ॲप उघडलं की आधी सर्व्हरला विचार हा कोण आहे, उत्तर येईपर्यंत लोडर दाखव, मगच राउट, म्हणजे कोणतं पेज दाखवायचं ते, ठरव. मी आयटी पार्कात नवीन लागलो तेव्हा याच्यात पूर्ण दोन दिवस घालवले होते.

बाकी चुका ह्या:

- टोकन (लॉगिन झाल्यावर सर्व्हर देते ती ओळखीची खूण) लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, टाकणं. पेजवर कुठूनही वाईट स्क्रिप्ट घुसली तर ती ते वाचू शकते. एचटीटीपी-ओन्ली कुकी वापर, जावास्क्रिप्टला ती वाचताच येत नाही.
- पासवर्ड स्टोअरमध्ये ठेवणं. बिलकुल नाही! नाव, आयडी, रोल बस.
- परवानगी नसलेल्या युजरपासून बटन लपवलं म्हणजे सुरक्षित झालं असं समजणं. खरी तपासणी सर्व्हरवरच, प्रत्येक रिक्वेस्टला.
- लॉगआउटला फक्त युजर पुसणं. पूर्ण स्टोअर रिसेट कर, नाहीतर त्याच कॉम्प्युटरवर पुढच्याला आधीच्याच्या ऑर्डरी दिसतात.

४०१ (लॉगिन वैध नाही असं सांगणारा सर्व्हरचा एरर) आला तर तो एकाच जागी पकड, प्रत्येक कंपोनंटमध्ये (स्क्रीनच्या वेगवेगळ्या तुकड्यात) नको. रिफ्रेश टोकन (जुनं टोकन संपलं की नवीन मिळवायचं), ओऑथ (गूगलसारख्या दुसऱ्या खात्यानं लॉगिन करायला वापरतात ते) वगैरे सध्या राहू दे, आधी हे चालू दे मग विचार.