वाहनशंका : रेडिएटर घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझी पेट्रोलची छोटी गाडी बारा वर्षे जुनी आहे. मागच्या महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी निवल्यावर शेजारी थांबलेल्या एका ट्रकचालकाने रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून दिली आणि आम्ही कसेबसे घरी परतलो. आता गॅरेजमध्ये रेडिएटर बदलण्याचे आठ हजार रुपये सांगितले आहेत. निवृत्तिवेतनात हा खर्च जड वाटतो. पाने-पक्कड घरी आहेत आणि पूर्वी स्कूटरची कामे मी स्वतःच करत असे. हे काम घरी जमेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : जमेल, मात्र गाडी हाताने गिअर बदलण्याची असावी. स्वयंचलित गिअर असलेल्या अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेलही रेडिएटरमधूनच थंड होऊन जाते, तेव्हा तसे असेल तर या कामात पडू नये.

पण पाना हातात घेण्याआधी रेडिएटरच गेला आहे याची खात्री करून घ्या, कारण पाणी कमी होण्याचा आळ बहुधा सर्वांत आधी त्याच्यावरच येतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून पाहा. प्लास्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते तिथे पांढरट किंवा हिरवट ओघळ सुकलेला दिसला, तर दोष रेडिएटरचा. ओघळ वॉटर पंपाखाली किंवा होज पाइपच्या क्लिपपाशी असेल, तर नवा रेडिएटर बसवूनही पाणी जातच राहील. डिपस्टिकवरचे (इंजिनातले तेल मोजायच्या पट्टीवरचे) तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल किंवा गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

हळदीने तुम्हाला घरी पोहोचवले हे खरे. ती पाण्यात फुगते आणि बारीक छिद्रात जाऊन बसते. परंतु तोच गाळ रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांतही साचतो. म्हणून जुना रेडिएटर काढल्यावर इंजिन आणि हीटर यांच्या वाटा स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन घेतल्याशिवाय नवा बसवू नका. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देऊन (सोल्डर करून) आणखी काही वर्षे चालवता येत असे. तडकलेल्या प्लास्टिकच्या टाकीला डाग लागत नाही, आणि वरून लावलेले लांबी-लुकण उष्णता व दाब यांपुढे फार दिवस टिकत नाही.

खर्चाची खरी बचत मजुरीत आहे, सुट्या भागांत नाही. भंगारातला रेडिएटर स्वस्त मिळतो, पण त्याच्या नळ्या आतून किती भरल्या आहेत हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे मी तरी तो घेणार नाही. त्यापेक्षा गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून नामांकित कंपनीचा नवा घ्यावा आणि शक्य असल्यास जुना दुकानात नेऊन पाय, तोंडे व पंख्याचे बोल्ट जुळवून पाहावेत. झाकण, दोन्ही होज आणि क्लिपा यांच्यात काटकसर करू नये.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार काढा, कारण विजेवर चालणारा पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो. खाली परात ठेवून पाणी काढा आणि ते मोजून ठेवा, म्हणजे नव्याने किती भरायचे याचा अंदाज येतो. चिकटलेला होज ओढू नका, पिळून सैल करा. तो कडक झाला असेल तर सरळ चाकूने उभा चिरा, नाहीतरी तो बदलायचाच आहे. पुढचा ए.सी.चा कंडेन्सर काही गाड्यांत रेडिएटरलाच अडकवलेला असतो, तेव्हा रेडिएटर उचलण्याआधी तो सुतळीने वरच्या पट्टीला बांधून ठेवा. त्याचा भार गॅसच्या पाइपांवर आला आणि गॅस निघून गेला, तर वाचवलेले पैसे तिथेच जातील. जुन्या रेडिएटरच्या पायांतली रबरी बुचे नव्याला लावायला लोक हमखास विसरतात आणि मग खडखड कुठून येते ते शोधत बसतात. नव्याची जाळी अंगठ्याच्या दाबानेही चेपते, म्हणून बसवताना तिच्यावर पुठ्ठा धरावा.

कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायचे द्रव, तयार मिश्रणाचे घ्यावे, किंवा दाट कूलंटमध्ये बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. बोअरचे पाणी नको, त्यातील क्षार आत थर धरतात. कूलंट हळूहळू भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि झाकण उघडेच ठेवून थंड इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, तसतसे भरत राहा. पंखा एकदा फिरून थांबला आणि बुडबुडे संपले की झाकण लावा. त्यानंतर इंजिन थंड होईपर्यंत ते पुन्हा उघडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत पाहा. काढलेले कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी असून चवीला गोड असते आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात; झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

प्रश्न : रात्रभर उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसतो. रेडिएटर बदलावा लागेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. आधी रेडिएटरचे झाकण पाहावे. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप आत दाब धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे ०.९ अंकाच्या (म्हणजे ०.९ बार दाबाच्या) झाकणाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. इंजिन थंड होऊन आतले पाणी आकसले की मधली छोटी झडप उघडते आणि रिझर्व्ह टाकीतले कूलंट परत आत खेचले जाते. ती अडकली तर आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा होज दाबून टाकते. इंजिन थंड असताना झाकण उघडताच होज पुन्हा फुगला, तर त्याच अंकाचे नवे झाकण आणावे. त्याआधी रिझर्व्ह टाकीकडे जाणारी बारीक नळी तुंबलेली नाही, एवढे फुंकून पाहावे.