आधी टोकन फिरवून बघा, मग सिम्युलेशन

कर्जमंजुरीचं बीपीएमएन (कामाचे टप्पे दाखवायची प्रमाणित चिन्हपद्धत) चित्र तयार आहे, ते थेट सिम्युलेशन टूलमध्ये घातलं तर चालेल का, की पेट्री नेट (टोकन फिरवून प्रक्रिया तपासायची गणिती पद्धत) शिकायलाच हवं, असं तुम्ही विचारलंय. शिकाच. दोन संध्याकाळी पुरतात.

कार्ल ॲडम पेट्री यांच्या १९६२च्या प्रबंधातून आलेली ही कल्पना अगदी साधी आहे. प्लेसमध्ये, म्हणजे प्रक्रियेतल्या थांब्यांवर, टोकन असतात; टोकन म्हणजे अर्ज कुठवर आलाय याची खूण. ट्रान्झिशनकडे, म्हणजे कामाच्या टप्प्याकडे, येणाऱ्या प्रत्येक प्लेसमध्ये टोकन असेल तरच ते चालतं. प्रत्येकातून एक घेतं, पुढच्या प्रत्येकात एक ठेवतं.

आता तुमचं चित्र घ्या. ‘कागदपत्रं पूर्ण आहेत का?’ इथे एक्सॉर गेटवेने (एकच वाट निवडणाऱ्या फाट्याने) दोन वाटा फुटतात, पण पुढे चुकून अँड गेटवेत (सगळ्या वाटांवरून टोकन आल्यावरच पुढे सोडणाऱ्या जोडात) मिळतात. टोकन एकाच वाटेने येतं आणि दुसऱ्याची कायम वाट बघत बसतं. मी हा घोटाळा स्वतः केलाय. माझं टूल सरासरी वेळ फक्त पूर्ण झालेल्या अर्जांवरून काढायचं, त्यामुळे अडकलेले अर्ज हिशेबातच नव्हते आणि आकडे झकास दिसत होते! उलट चूक, म्हणजे अँडने दोन्ही वाटांवर एकदम फोडून एक्सॉरने जोडणं, झाली तर पुढचं काम दोनदा होतं आणि कर्मचारी विनाकारण कमी पडल्यासारखे वाटतात.

यासाठीच संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांची साउंडनेसची (प्रक्रिया निर्दोष असण्याची) कसोटी: कुठल्याही स्थितीतून शेवट गाठता यावा, शेवट गाठल्यावर मागे टोकन उरू नये, आणि कधीच न चालणारं काम चित्रात नसावं. फ्री-चॉइस प्रकारच्या (निवड आणि एकत्र येणं एकमेकांत न मिसळणाऱ्या) वर्कफ्लो नेटसाठी, म्हणजे एक सुरुवात आणि एक शेवट असलेल्या पेट्री नेटसाठी, ही तपासणी बहुपदी वेळात होते, म्हणजे टूलला जड नाही. ऑर-जॉइन (जितक्या वाटा चालू असतील तितक्यांचीच वाट बघणारा जोड) मात्र शक्यतो टाळा. ‘अजून कोणी यायचंय का’ हे ठरवायला त्याला अख्खं नेट बघावं लागतं.

हे पार पडलं की मग वेळा भरा, आणि तिथे सरासरीवर भागवू नका. एक अधिकारी तासाला सरासरी १० अर्ज निपटतो असं धरा. अर्ज पॉयसन पद्धतीने (एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक वेळी) येत असतील आणि कामाचा वेळ घातांकी (बहुतेक कामं लवकर, काही खूप लांबणारी) असेल, तर तासाला ८ अर्ज आल्यास प्रत्येकाला रांगेसह सरासरी अर्धा तास लागतो, ९ आल्यास एक तास, साडेनऊला दोन तास. तुमचं सिम्युलेशन आधी या साध्या रांगेवर चालवा. हे आकडे जुळले नाहीत, तर पूर्ण मॉडेल चालवू नका.