‘गेली सात वर्षे मासे मरत आहेत’ हे वाक्य कुणी लिहिलं?

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांचं पत्र आलं आहे. एका पहाटे मळीमिश्रित पाणी नदीत आलं आणि काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. तलाठ्यांनी पंचनामा केला, प्रदूषण मंडळाने कारखान्याला नोटीस काढली, पुढे दंडही बसला. सभासदांच्या हातात मात्र आजवर दमडी पडलेली नाही. आता भरपाई कुठे मागायची? अशी पत्रं वाळव्यातून येतात, मिरजेतून येतात, कराडकडूनही येतात. गावाचं नाव तेवढं बदलतं.

अध्यक्ष, राम राम.

प्रदूषण केलं कुणी, यावर तुम्ही चार पानं लिहिली आहेत. ती मी बाजूला ठेवतो. तुमचं प्रकरण तिथे अडकलेलं नाही. ते अडकलंय पंचनाम्यावरच्या तारखेत. त्या तारखेपासून आज चार वर्षं आठ महिने झाले.

भरपाई मागायची ती हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे. त्याच्या 2010 च्या कायद्यातलं कलम 15 तुमच्या कामाचं. भरपाईचा अर्ज कारण ‘पहिल्यांदा’ घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा. सबळ कारण दाखवलंत तर वर साठ दिवस मिळतील, तेही लवादाची मर्जी असेल तर. एकसष्टाव्या दिवशी तुमची बाजू कितीही खरी असली तरी अर्ज दाखल होणार नाही. म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. ते साठ दिवस हिशेबात धरूच नका.

आता राग येणारच, तेव्हा सांगूनच टाकतो. चार वर्षं आठ महिने तुम्ही काय केलंत? निवेदनं दिलीत. कलेक्टर, प्रांत, मत्स्यव्यवसाय खातं, मंडळ, दोन मंत्री. मी मोजली, चौदा आहेत. प्रत्येकावर आवकचा गोल शिक्का, प्रत्येक प्लास्टिकच्या कव्हरात. फाईल बघून कौतुक वाटलं, पण निवेदनाने मुदत थांबत नाही. ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तरानेही थांबत नाही. घाटावरच्या उपोषणाने तर नाहीच.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. तिसऱ्या निवेदनाच्या दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय, ‘गेली सात वर्षे सातत्याने मासे मरत असून मच्छीमार देशोधडीला लागला आहे.’ जोर यावा म्हणून लिहिलं असेल, सगळेच लिहितात. पण कायद्यात ‘पहिल्यांदा’ हा शब्द आहे. कारखान्याचा वकील तुमचंच वाक्य लवादापुढे वाचून दाखवील आणि म्हणेल, अर्जदाराच्या सांगण्याप्रमाणे कारण सात वर्षांपूर्वीच घडलं, मुदत कधीच संपली. निवेदन लपवून ठेवू म्हणाल, तर त्याची प्रत मंडळाच्या आवकमध्ये आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मिळेल.

यातून वाट एकच दिसते. सात वर्षांचा हिशेब मागायचा मोह सोडा. अर्ज फक्त त्या पहाटेचा करा: त्या दिवशी आलेलं पाणी, त्या दिवशी मेलेले मासे, त्यानंतर जितके महिने जाळं रिकामं आलं तितक्या महिन्यांची बुडालेली कमाई. आधी अधूनमधून थोडे मासे मरत होते हे सरळ कबूल करा आणि ही घटना वेगळी होती, एवढी मोठी पहिल्यांदाच झाली, असं स्पष्ट लिहा. प्रत्येक वेळी सोडलेलं पाणी हे नवं कारण धरायचं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. लवाद तुमचं ऐकेल अशी हमी मी देणार नाही. पण हा वाद तुम्ही आधीच मांडलेला असला तर तो कारखान्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायची वेळ येत नाही.

मंडळाने केलेल्या दंडाकडे डोळे लावून बसला आहात, ते सोडा. तो दंड तुमच्या नुकसानीचा नाही, त्यातलं तुम्हाला काही मिळायचं नाही. तुमचं नुकसान तुम्हालाच मागावं लागेल. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जलचरांची हानी आणि धंदा बुडणं, दोन्ही भरपाईच्या बाबी म्हणून लिहिलेल्या आहेत.

पुतण्या दिवाणी कोर्टात दावा टाकू म्हणतोय, त्याला आवरा. ज्या भरपाईचा निवाडा लवाद करू शकतो ती दिवाणी कोर्टाला ऐकता येत नाही, असं कलम 29 सांगतं. चुकीच्या दारात चार महिने घालवलेत की संपलं.

नुकसान मोजायचं कसं, हा खरा घाम काढणारा भाग. पंचनाम्यात ‘अंदाजे मोठ्या प्रमाणात मासे मृत’ एवढंच आहे. वजन नाही, जात नाही. त्या दिवशी माणसं पोती घेऊन आली आणि मरळ, वाम, कटला, सापडेल ते भरून घेऊन गेली, असं तुम्हीच लिहिता. काट्यावर एक पाटीसुद्धा चढली नाही. म्हणून आता सोसायटीचं दप्तर काढा: घटनेच्या आधीच्या दोन वर्षांच्या आणि नंतरच्या वर्षाच्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, खरेदी-विक्रीच्या वह्या, सभासद रजिस्टर. आधी किती किलो, नंतर किती किलो, हे महिन्यावार मांडा. उरणच्या कोळ्यांना 2015 मध्ये लवादाने 95 कोटी 19 लाख 20 हजारांची भरपाई मंजूर केली, ती 1,630 कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख 84 हजार अशी. कुटुंबं मोजलेली होती म्हणून आकडा ठरला. तुमच्या अर्जाला ‘समस्त मच्छीमार बांधव’ चालणार नाही. नावं, पत्ते आणि सोसायटीचा ठराव लागेल.

कारखाना म्हणेल, मासे शहराच्या सांडपाण्याने मेले. शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला नदीला सांगलीत मिळतो, तुमचं गाव त्याच्या वरच्या अंगाला. त्यामुळे ते फार टिकेल असं वाटत नाही. कोयनेतून पाणी कमी सोडलं होतं, असंही म्हणतील. त्याला मंडळाच्या नमुन्यांचा अहवाल उत्तर देईल. मळीने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरून वर येतो, ते आकड्यांत दिसतं. हा अहवाल आजच मागवा. तुम्ही स्वतः भरून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर फार विसंबू नका. लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नसला तरी चार वर्षं माळ्यावर पडलेल्या बाटलीचं वजन किती धरायचं, तुम्हीच सांगा.

फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, कमीत कमी हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. उगाच दहा कोटी लिहू नका, दहा लाख फी भरावी लागेल.

वेळ किती जाईल? मुंबईजवळ ‘रॅक कॅरियर’ हे जहाज ऑगस्ट 2011 मध्ये बुडालं आणि तेल समुद्रात पसरलं. लवादाचा 100 कोटींचा आदेश ऑगस्ट 2016 मध्ये आला. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो ती वापरतो. सभासदांना ‘दिवाळीपर्यंत पैसे’ असं काही सांगून बसला असाल तर आधी ते मागे घ्या.

पुढच्या सोमवारी या. पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, ठराव आणि व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन. आणि तोवर पंधरावं निवेदन देऊ नका.